हळद, हिंमत आणि सासऱ्यांचा सातबारा

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): "मी ३७ वर्षांची असून पुण्यातील एका मसाला कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली १३ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करते. मागील चार वर्षांत मला दोनदा बढतीत डावलले, आणि दुसऱ्या वेळी माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला ती जागा मिळाली. माझे सासर मिरज तालुक्यात आहे. तीन एकर बागायतीपैकी दीड एकरावर हळद असते. चांगल्या वर्षी ३५ ते ४० क्विंटल सुकी हळद होते आणि ती सगळी सांगलीला अडत्याकडे जाते. नोकरी सोडून गावी हळद पूड तयार करण्याचा छोटा कारखाना काढावा, असे गेले वर्षभर मनात आहे. माझ्याकडे ९ लाख रुपये शिल्लक आहेत. यजमानांचा विरोध नाही, पण वडिलांसमोर ते बोलत नाहीत. सासरे म्हणतात, 'आपल्या सात पिढ्यांत कुणी तराजू धरला नाही, आता सुनेने धरायचा का?' माझ्यात धंद्याची खरी प्रेरणा आहे, की हा केवळ कंपनीवरचा राग आहे? आणि सरकारच्या इतक्या योजना असताना माझ्यासारख्यांचे धंदे उभे का राहत नाहीत? कृपया नाव छापू नये."

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्या नोकरीची ३१ वर्षे बँकेत, त्यांतली बहुतेक छोट्या उद्योगांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. त्यामुळे तुमचे पत्र वाचतानाही हातात नकळत पेन्सिल आली आणि ९ लाख, ४० क्विंटल, दीड एकर या आकड्यांखाली रेघा पडल्या. मग लक्षात आले की पत्रातली सर्वांत महत्त्वाची वाक्ये बिनआकड्यांची आहेत: तुमचा राग, यजमानांचे गप्प बसणे आणि सासऱ्यांचा तराजू. म्हणून आकड्यांकडे जरा उशिरा वळतो.

रागाबद्दल तुम्ही इतक्या अपराधी भावनेने लिहिले आहे, की जणू रागातून सुरू झालेला धंदा खालच्या प्रतीचा असतो. तुमचे सासर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. पुढे किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, आणि लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आपल्या भावाकडे आले. तिथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. बढतीत डावलले जाणे हे त्यांच्या बाबतीत बाहेर पडण्याचे कारण ठरले, हे खरे आहे. परंतु पुढचा भाग अधिक लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे गेली. न विकलेल्या नांगराशेजारी दोन वर्षे बसून राहायला मुंबईतल्या त्या अपमानाची आठवण पुरली असती, असे मला वाटत नाही. त्या माणसाला यंत्राचीच ओढ होती. हाताने काहीतरी घडवावे आणि ते नीट चालावे, यातच त्याला सुख होते.

तेव्हा कसोटी अशी लावावी. राग तुम्हाला कंपनीच्या दरवाजाबाहेर आणून सोडील, पण तिसऱ्या महिन्यात पल्व्हरायझरची, म्हणजे पूड दळणाऱ्या यंत्राची, जाळी फाटून पूड भरड येऊ लागेल आणि किराणा दुकानदार माल परत पाठवील, त्या दिवशी राग तुमच्या उपयोगी पडणार नाही. त्या दिवशी काय उपयोगी पडेल, ते तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे, आणि बहुधा तुमच्या ते ध्यानातही आले नसेल. बढतीवर तुम्ही सहा ओळी लिहिल्या आहेत. पण गावाकडची हळद शिजवताना काहिलीत आच कमी-जास्त झाल्याने रंग कसा बिघडतो, ओलावा १० टक्क्यांच्या वर राहिला तर साठवणीत काय होते आणि रंग खुलवण्यासाठी बाजारात मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट यांसारखे घातक रंग कसे मिसळले जातात, यावर तुम्ही सलग दीड पान लिहिले आहे, तेही कुणी विचारले नसताना. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दीड पानात आहे.

प्रेरणा ही मोजता येते, इतकेच नव्हे तर शिकवताही येते, असे मानणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यापारी आणि छोट्या उद्योजकांना निवडून त्यांना सिद्धिप्रेरणेचे प्रशिक्षण दिले होते. काहीतरी उत्तम करून दाखवण्याची आस, जुगार न वाटणारी पण आव्हान वाटेल इतपत जोखीम घेणे आणि आपल्या कामाचा निकाल लवकर व स्पष्ट कळावा अशी इच्छा, ही त्या प्रेरणेची लक्षणे ते सांगत. प्रशिक्षण घेतलेल्यांची व्यवसायातली हालचाल नंतर वाढल्याचे त्यांना आढळले. आपल्याकडे उद्योजकता विकासाचे जे वर्ग चालतात, १९८८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्गही त्यांत आले, त्यांच्यामागे बऱ्याच अंशी हाच विचार आहे. मी स्वतः अशा वर्गांत बँकेचा प्रतिनिधी म्हणून अनेकदा बोललो आहे. वर्ग चांगले असतात. पण पहिल्या रांगेत बसून सर्वांत तडफेने प्रश्न विचारणारे प्रशिक्षणार्थी दोन वर्षांनी पुन्हा नोकरी शोधताना मला भेटले, आणि मागच्या बाकावर गप्प बसलेली एखादी बाई आज सहा माणसांना पगार देते, असेही पाहिले. दोघांच्या प्रेरणेत फारसा फरक नव्हता. फरक होता तो घरी कोण आहे, माल कोण उधार देतो आणि पहिले गिऱ्हाईक कोण, यांत.

म्हणूनच सासऱ्यांच्या वाक्याकडे येतो. 'सात पिढ्यांत कुणी तराजू धरला नाही' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते आणि त्याचाच मोठा अवतार म्हणजे 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे विधान. ज्या समाजांच्या 'रक्तातच धंदा आहे' असे आपण म्हणतो, त्यांच्या पेढीवर थोडे बसून पाहिले तर रक्ताऐवजी व्यवस्था दिसते. गावाहून आलेल्या मुलाला नातेवाइकाच्या दुकानात राहायला-जेवायला मिळते, चार वर्षे तो वहीखाते शिकतो, मग जातीतलाच घाऊक व्यापारी त्याला केवळ शब्दावर उधार माल देतो, आणि तो बुडाला तर समाजातच त्याची अब्रू जाणार असल्याने ती उधारी बहुधा परत येते. हे शिक्षण, भांडवल आणि जामीनकी देणारी एक संस्थाच आहे, फक्त तिच्या दारावर पाटी नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलीच्या वाट्याला ती आली नाही, एवढेच तुमच्या सात पिढ्यांचे रहस्य.

समाजाची घडण प्रेरणेला कशी गिळते, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरचे आहे. गंगाराम कांबळे यांनी छत्रपती शाहू महाराजांच्या आधाराने कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. हिंमत होती, भांडवलाची सोय झाली होती, चहा उत्तम होता आणि जागाही रहदारीची होती. तरीही अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज फेरफटक्याला निघाले, की त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून स्वतः तिथला चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही देववीत. आजच्या भाषेत सांगायचे, तर अडचण ना उद्योजकात होती ना कर्जपुरवठ्यात; ती मागणीत होती, आणि मागणी जातीच्या नियमाने अडवलेली होती. ती कोंडी फोडायला दुसऱ्या, अधिक वजनाच्या सत्तेला तिथे येऊन चहा प्यावा लागला.

किर्लोस्करांच्या गोष्टीचाही उरलेला अर्धा भाग असाच आहे. बेळगावातली कारखान्याची जागा हातची गेली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळचा माळ आणि कर्ज दिले, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. पंतप्रतिनिधी नसते, तर त्या नांगराची गोष्ट कदाचित बेळगावच्या एका अयशस्वी दुकानदाराची गोष्ट म्हणून विसरली गेली असती. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, त्यामागेही तिथल्या घोरपडे जहागीरदारांचे प्रोत्साहन होते. संस्थाने गेल्यावर हे काम आपल्या भागात काही प्रमाणात सहकाराने केले. प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या जिद्दीला धनंजयराव गाडगीळांचे अर्थशास्त्र आणि सहकारी कायद्याची चौकट मिळाली. एकट्या ऊस उत्पादकाला जे स्वप्नातही परवडले नसते, ते शेअर गोळा केलेल्या हजारोंना परवडले. (पुढे त्याच सहकारात नव्या माणसाला शिरकाव किती अवघड झाला, हा वेगळा आणि कटू विषय आहे; तुमच्या भागात तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.)

आता तुमच्या घराकडे येऊ. धंद्याच्या बाबतीत पहिली संस्था म्हणजे घर, आणि बँकेचा अर्ज भरण्याआधी परवानगीचा, जागेचा आणि वेळेचा अर्ज तिथे मंजूर व्हावा लागतो. माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी असताना एक बाई चटणी-मसाल्याच्या कांडप यंत्रासाठी कर्ज मागायला आल्या. हिशेब चोख होता, आजूबाजूच्या चार गावांत कांडप नव्हते. पण घर आणि जमीन सासऱ्यांच्या नावावर, सासरे सही द्यायला तयार नाहीत आणि बाईंच्या नावावर काहीच नाही. म्हणून मी अर्ज परत केला. नियमाने मी बरोबर होतो, असे तेव्हा स्वतःला सांगितले. पुढे त्यांनी अकरा जणींच्या भिशीतून पहिला हप्ता स्वतः उचलून जुने यंत्र घेतले आणि ते चालवून दाखवले. त्या अकरा जणींना त्यांच्याबद्दल जे ठाऊक होते, ते माझ्या फाइलीत कुठेच नव्हते. तेव्हापासून भिशीला मी हसत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांची हकिगत तर याहून पुढची आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातील बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढण्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि कागदावर अंगठे होते. त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, असे त्यांनी तिथे सुनावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. प्रेरणा आणि संस्था यांचे नाते एकाच दिशेचे नसते, हे या घटनेतून दिसते. संस्था माणसाला अडवते, आणि पुरेशी माणसे एकत्र येऊन अडून बसली तर संस्थेलाही वाकावे लागते. मुंबईत १९५९ साली सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्या लिज्जतच्या कामाची रचनाही पाहण्यासारखी आहे. बाईने केंद्रावरून भिजवलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे आणि ते आणून द्यायचे, असे ठेवल्यामुळे 'घराबाहेर कामाला जायचे नाही' या नियमाशी भांडण न करता त्याच नियमाच्या आत धंदा बसवला गेला.

तुम्ही काय करावे? सासऱ्यांशी वाद घालू नये आणि यजमानांना बाजू घ्यायला लावूही नये. व्यवहार मांडावा. घरची हळद कारखान्याला 'घरचीच आहे' म्हणून फुकट वा स्वस्त मिळेल, असे तुमच्या हिशेबात कुठेतरी गृहीत धरलेले दिसते. तो आकडा आजच खोडा. त्या दिवशी सांगलीच्या सौद्यात त्या प्रतीला जो भाव निघाला असेल, त्या भावाने सासऱ्यांकडून माल विकत घ्या, रीतसर पावती करा आणि पैसे त्यांच्या खात्यावर जमा करा. अडत, हमाली आणि तोलाई वाचल्याने उलट त्यांच्याच हातात चार पैसे जास्त पडतील. सुनेचा कारखाना हे त्यांना आज पिकावर आलेले संकट वाटते. वेळेवर पैसे देणारे गिऱ्हाईक म्हणून तो समोर आला, तर बोलण्याचा सूर बदलू शकतो. शेडसाठी लागणारी दोन-तीन गुंठे जागा त्यांच्या नावावर असेल, तर ती नावावर करून मागू नका, नोंदणीकृत भाडेकरार करून मागा. मात्र उद्योगाची उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंद), अन्न सुरक्षेचा परवाना आणि बँक खाते हे तिन्ही तुमच्याच नावे असले पाहिजेत, याबाबतीत भिडेखातर एक पाऊलही मागे घेऊ नये. यजमानांच्या नावाने सुरू झालेले आणि बायकोने चालवलेले उद्योग मी शेकड्याने पाहिले आहेत. कर्जाचा दुसरा टप्पा मागायची वेळ येते, तेव्हा तिच्या नावावर एका दिवसाचाही व्यवहार नसतो.

आता योजना. तुमचा दुसरा प्रश्न, इतक्या योजना असून धंदे का उभे राहत नाहीत, याचे उत्तर मला फाइलींनी शिकवले. योजना यंत्राला पैसे देते, आणि तुमच्यासारखा धंदा बुडतो तो बहुधा कच्च्या मालाच्या पैशावाचून.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ, कारण ग्रामीण भागातील महिलेला त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा हिस्सा केवळ ५ टक्के घालावा लागतो. शेड, पल्व्हरायझर, चाळणी, पॅकिंग यंत्र, वीज जोडणी असा १२ लाखांचा प्रकल्प तुम्ही दाखवला, तर तुमचे ६० हजार आणि बँकेचे ११ लाख ४० हजार होतात. अनुदान ४ लाख २० हजार. पण ते तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते, तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षांनी कारखाना चालू असल्याची पडताळणी झाली की ते कर्जात वळते होते. या रचनेत काही वाईट नाही. वाईट असते ती तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी. अनुदान टक्केवारीत असल्याने प्रकल्प फुगवण्याचा मोह होतो. ६ लाखांत भागणारे काम १२ लाखांचे होते, सल्लागार म्हणवणारा मधला माणूस त्यात आपला वाटा बघतो आणि मोठ्या यंत्राचा हप्ता छोट्या विक्रीच्या मानेवर बसतो. माझ्याच सहीने मंजूर झालेली एक शेड अजून कुलूपबंद उभी आहे. त्या मुलाला धंदा करायचा होता की अनुदान घ्यायचे होते, हे मी त्याला विचारायला हवे होते; मी फक्त कागद विचारले.

तुमचा खरा खर्च पाहा. हळदीची आवक आणि सौदे फेब्रुवारी ते मे या महिन्यांत जोरात असतात, पूड मात्र बारा महिने विकायची आहे. वर्षाला १०० क्विंटल पूड करायची म्हटले, तर घरचे ४० क्विंटल धरूनही ६० क्विंटल बाहेरून घ्यावे लागतील. हिशेबापुरता क्विंटलला १४ हजार रुपये भाव धरला, तर बाहेरच्या खरेदीलाच ८ लाख ४० हजार आणि सासऱ्यांच्या मालासह १४ लाख रुपये हंगामात अडकतात. यंत्रापेक्षा ही रक्कम मोठी आहे, आणि किराणा दुकानदार तर तुम्हाला पूड विकल्यावर महिन्या-दीड महिन्याने पैसे देणार. म्हणून पहिल्या वर्षी १०० क्विंटलचा विचार सोडून द्या. घरच्या ४० क्विंटलांवरच थांबा.

त्या ४० क्विंटलांसाठी एक जुनी, न गाजलेली सोय आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे. शेतकऱ्याने आपला माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला, की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वार्षिक ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांपर्यंत मिळते. ही सोय शेतकऱ्यासाठी आहे, व्यापाऱ्यासाठी नाही. म्हणजेच ती तुम्हाला मिळणार नाही, पण तुमच्या सासऱ्यांना मिळू शकते. त्यांनी माल तारण ठेवून घरखर्चाची आणि पुढच्या लागणीची रक्कम उचलावी, आणि तुम्ही महिन्याला सहा-सात क्विंटल, त्या महिन्याच्या भावाने, त्यांच्याकडून उचलावेत. तुमची शिल्लक एका दमात संपणार नाही, भाव चढला तर त्याचा लाभ म्हाताऱ्यांना मिळेल, आणि पुन्हा सांगतो, ते या कारखान्याचे मालक किंवा विरोधक होण्याऐवजी पुरवठादार होतील. तुमच्या बाजार समितीत हळदीसाठी ही योजना प्रत्यक्ष चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. योजना कागदावर असणे आणि गोदामात जागा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यंत्राचे कर्ज लहान ठेवलेत, तर तारणाचा प्रश्नही सुटतो. सूक्ष्म उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचे नसते, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि त्यापुढच्या कर्जासाठी बँकेला हमी देणारा पतहमी न्यास २००० सालापासून आहे. काउंटरवरचा माणूस तरीही सासऱ्यांचा सातबारा मागेल. तेव्हा रागावू नका. हमी योजनेत प्रकरण घ्यावे, अशी लेखी विनंती अर्जासोबत जोडा आणि त्याची पोच घ्या. पोच घेतलेला कागद सहज परत पाठवता येत नाही, हे काउंटरच्या आतल्या बाजूने बोलतो आहे.

विक्रीबाबत थोडक्यात लिहितो, कारण तिथे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण केवळ त्या भागात पिकली म्हणून ते नाव पाकिटावर छापता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती करा. पाकिटावर देवादिकांची चित्रे आणि 'घरगुती', 'पारंपरिक' असले शब्द सगळेच छापतात. तुम्ही प्रत्येक घाण्याचा ओलावा, कुरकुमिनचे (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचे) प्रमाण आणि भेसळ तपासणीचा निकाल छापा. तेरा वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जे केले, ते स्वतःच्या पाकिटावर आणले, तर तेच तुमचे भांडवल आहे आणि कोणत्याही घाऊक व्यापाऱ्याच्या मुलाकडे ते नाही. मोठ्या दुकानांना माल दिलात, तर उद्यम नोंदणी बिलावर छापत चला; लघुउद्योगाच्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत पैसे देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. वसुलीसाठी लगेच भांडावे असे नाही, पण बिलावर नोंद असली की पैसे देणाऱ्याच्या वागण्यात फरक पडतो.

नोकरी आज सोडू नका. यजमान आणि तुम्ही दोघांपैकी एकाचा पगार चालू राहणार असला, तरी पहिला हंगाम रजेवरच काढा. आधी तुमच्या नोकरीच्या करारात स्पर्धक व्यवसायाविषयी काही अट आहे का, ते पाहा. कंपनी मसाल्याची आहे, हे विसरू नका. ती अडचण नसेल, तर येत्या हंगामात घरच्या मालातून पाच क्विंटल बाजूला काढा, परवाना असलेल्या एखाद्या गिरणीवर मजुरी देऊन दळून घ्या, आणि अन्न सुरक्षेची नोंदणी करून अर्ध्या किलोची पाकिटे विका. ती पुण्यातल्या ओळखीच्या घरांपुरती विकू नका. ओळखीची माणसे भिडेने एकदा घेतात. सांगली, मिरज, जयसिंगपूरच्या दहा अनोळखी दुकानांत ठेवा आणि दुसऱ्यांदा मागणी किती दुकानांतून येते, तेवढेच वहीत लिहा. दहांपैकी चार दुकानांनी पुन्हा मागवले, तर शेडचा विचार करा. एकानेही मागवले नाही, तर तुमचे त्या पाच क्विंटलांत घातलेले पैसे आणि काही रविवार गेले असतील, पण नोकरी शाबूत असेल.

माझी एक सूचना तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल. फेब्रुवारीत सौदे सुरू झाले, की एक दिवस रजा काढून सासऱ्यांबरोबर सांगलीच्या मार्केट यार्डात जा. तुम्ही प्रयोगशाळेत नमुना तपासता. ते हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकतील, आतला रंग पाहतील, कुठला अडत्या वजनात मारतो आणि कुठला पट्टी (विक्रीचा हिशेब) वेळेवर देतो, हे चालता चालता सांगतील. सात पिढ्यांत कुणी तराजू धरला नसेल, पण त्या गृहस्थांनी चाळीस वर्षे तराजूसमोर उभे राहून काट्यावर नजर ठेवली आहे. तुमच्या कारखान्याला खरेदी पाहणारा माणूस लागणारच आहे. त्या दिवशी कारखान्याचा विषय काढू नका. पाच क्विंटल कोणत्या ढिगातून घ्यावेत, एवढेच त्यांना विचारा.